हा चालतो का अजून?

मंडळी, या शनिवारी थोडा इतिहास. विषय कॅमेऱ्याचा आहे, पण घाबरू नका. मेगापिक्सेल, सेन्सर, कुठली लेन्स घ्यावी वगैरे यात काही नाही. मला बोलायचंय ते कॅमेऱ्यासमोरच्या माणसाबद्दल. म्हणजे आपल्या ओळखीचा नसलेला, रस्त्यात भेटलेला माणूस, ज्याचा फोटो आपण काढतोय किंवा काढावा की नको या विचारात आहोत.

झालंय असं, की गेली दोन वर्षं माझ्याकडे याशिका-मॅट १२४ जी नावाचा एक जुना जपानी कॅमेरा आहे. १९७० साली बाजारात आलेलं मॉडेल, म्हणजे वयाने जवळपास माझ्या वडिलांच्या बरोबरीचं. उभट डबा, पुढे एकाखाली एक असे दोन डोळे, बाजूला रोल पुढे सरकवायचं हँडल. वरचं झाकण उघडलं की चार पातळ पत्रे उभे राहतात आणि एक छोटंसं धुराडं तयार होतं. फोटो काढताना हा डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि वरून त्या धुराड्यात बघायचं. वजन किलोभर. एका रोलमध्ये फोटो फक्त बारा.

आणि हा गळ्यात अडकवून पुण्यात फिरायला बाहेर पडलो, की तासाभरात दोन-तीन अनोळखी माणसं बोलायला येतातच! आमच्या ऑफिसात शेजारच्या क्युबिकलमधला प्राणी तीन वर्षांत "रिलीज कधी आहे?" याच्यापलीकडे माझ्याशी बोललेला नाही, आणि इथे चहाच्या टपरीवरचा माणूस पाच मिनिटांत त्याच्या लग्नातल्या फोटोग्राफरची गोष्ट सांगून मोकळा. प्रश्न साधारण ठरलेले असतात. "हा चालतो का अजून?" हा पहिला. मग "रोल मिळतो का?", "दोन भिंगं कशाला?", "व्हिडिओ शूटिंगचा आहे का?" आणि लहान मुलं असतील तर प्रश्न वगैरे काही नाही, सरळ डोकं धुराड्यात. पन्नाशीच्या पुढचे लोक हमखास म्हणतात, "आमच्याकडे आगफा होता." हा आगफा म्हणजे बहुतेक वेळा क्लिक थ्री, बडोद्याला बनणारा, आपल्याकडच्या कितीतरी घरांतला पहिला कॅमेरा. मग त्या आगफाबरोबर महाबळेश्वरची ट्रिप येते, वारलेली आजी येते, आणि माझा फोटो राहतो बाजूला.

माझ्याकडे एक डिजिटल कॅमेराही आहे. काळा, बरा, चांगला महागडा. त्याच्याबद्दल आजवर एकाही माणसाने मला काही विचारलेलं नाही. उलट तो डोळ्याला लावला की समोरचा माणूस एक तर तोंड फिरवतो, नाहीतर "कशाला काढताय?" अशा नजरेने बघतो. माणूस मीच, रस्ता तोच, मग फरक कशाचा? जुन्या वस्तूचं अप्रूप हे उत्तर सोपं आहे आणि काही अंशी खरंही. पण याबद्दल वाचत गेलो तसं वाटायला लागलं, की गोष्ट त्याहून मोठी आहे. कॅमेऱ्याच्या इतिहासात सुरुवातीपासून दोन रस्ते दिसतात. एक कॅमेरा लपवण्याचा आणि दुसरा तो दाखवण्याचा. आणि अनोळखी माणसाला आपल्याशी बोलता येईल की नाही, हे बरंचसं आपण कुठल्या रस्त्याने चाललोय यावर ठरतं.

अगदी सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, कारण कॅमेरा लपवणं शक्यच नव्हतं. १८५१ पासून पुढची जवळपास तीस वर्षं फोटो काढायची मुख्य पद्धत म्हणजे ओली काच. काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि वाळायच्या आत अंधारात नेऊन धुवायची. म्हणजे घराबाहेर फोटो काढायचा तर लाकडी पेटी, तिकाटणं, काळं कापड, रसायनांच्या बाटल्या आणि अंधारा तंबू, असा सगळा संसार बरोबर. समोरच्या माणसाला काही सेकंद हलायचंही नाही. त्याच्या नकळत फोटो निघणार कसा? भोवती गर्दी जमायची, लोक प्रश्न विचारायचे, आणि फोटो ही सगळ्यांना ठाऊक असलेली घटना असायची.

१८७०च्या दशकाच्या शेवटी कोरड्या काचा तयार मिळायला लागल्या. त्या कधीही भरा, कधीही धुवा. शिवाय त्या इतक्या संवेदनशील होत्या की सेकंदाच्या लहानशा भागात फोटो उमटायचा. तिकाटण्याची गरज संपली आणि कॅमेरा हातात आला. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने कोडॅक आणला. किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंचा रोल आधीच भरलेला. रोल संपला की अख्खा कॅमेराच कंपनीला पाठवायचा. दहा डॉलरमध्ये फोटो धुऊन, छापून, नवा रोल भरून परत. थोडक्यात, फोटोग्राफी ज्याला काहीही येत नाही अशा माणसाच्या हातात आली. (आजच्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड सगळा कंपनीकडे आणि युजरला एकच बटण.)

याच काळात बाजारात एक वेगळीच जात आली. तिचं नावच होतं 'डिटेक्टिव्ह कॅमेरा'. पार्सलसारखे दिसणारे, पुस्तकासारखे दिसणारे, टोपीत बसणारे असे एकेक प्रकार. त्यातला गाजलेला म्हणजे १८८६ सालचा स्टर्नचा वास्कट कॅमेरा. चपटी गोल डबी, वास्कटाच्या आत गळ्यात अडकवायची, भिंग बटणाच्या काजातून बाहेर. गोल काचेवर सहा छोटे गोल फोटो.

हा कॅमेरा वापरणाऱ्यांत एक पोरगा होता, कार्ल स्टॉर्मर. १८९०च्या दशकात तो क्रिस्टियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, शिकत होता. त्याने नंतर स्वतःच सांगितलेली पद्धत अशी: वास्कटात डबी, तिची दोरी पँटच्या खिशाला भोक पाडून आत घेतलेली. कार्ल योहान रस्त्यावर फेरफटका मारायचा, समोरून कोणी आलं की नमस्कार करायचा, समोरचा हसून प्रतिनमस्कार करतो तेवढ्यात दोरी ओढायची! सहा फोटो झाले की घरी जाऊन काच बदलायची. नाटककार हेन्रिक इब्सेनसुद्धा यात सापडला. आज ते फोटो बघताना मजा वाटते. त्या काळातली माणसं स्टुडिओत काठी गिळल्यासारखी बसलेली दिसतात, आणि इथे ती टोपी उचलून चक्क हसतायत.

आता आपल्या लोकांसाठी एक गंमत. गेम किंवा फिजिक्स सिम्युलेशनचा कोड ज्यांनी लिहिलाय त्यांनी व्हर्ले इंटिग्रेशन वापरलं असेल. त्याचं पूर्ण नाव स्टॉर्मर-व्हर्ले. तो स्टॉर्मर म्हणजे हाच! पुढे तो मोठा गणिती झाला. उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात दिसणाऱ्या ज्योतींचे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच वेळी फोटो काढून त्याने त्यांची उंची मोजली. म्हणजे कॅमेरा त्याने आयुष्यभर सोडला नाही. पण मला त्याच्या त्या दोरीच्या गोष्टीत एक वेगळीच गोष्ट दिसते. कॅमेरा लपवूनसुद्धा त्याला आधी नमस्कार करावा लागला. हसू हवं होतं, आणि हसू ओळख दाखवल्याशिवाय मिळत नाही. फक्त समोरच्याने हसू दिलं ते रस्त्यातल्या एका सभ्य पोराला, आणि ते जाऊन बसलं काचेवर. त्याला विचारलं कोणी?

हा प्रश्न तेव्हाही लोकांना पडला होता. १८९० च्या डिसेंबरात सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या बोस्टनच्या दोन वकिलांनी हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये खासगीपणाच्या हक्कावर एक लेख लिहिला. आज जगभरात प्रायव्हसीच्या चर्चेत त्या लेखाचं नाव येतं. त्यांना ज्या गोष्टींची धास्ती वाटत होती त्यात क्षणार्धात निघणारे फोटो आणि वर्तमानपत्रं ही दोन्ही होती. कोडॅक येऊन अवघी दोन वर्षं झाली होती. म्हणजे कॅमेरा हातात मावेपर्यंत या हक्काची एवढी निकड कोणाला भासली नव्हती. तिकाटणं आणि काळं कापड हीच एक प्रकारची परवानगीची पद्धत होती. ती गेली तेव्हा कायद्याची आठवण झाली.

आता पुढचा टप्पा जर्मनीत. चार वर्षांच्या अंतराने तिथे दोन कॅमेरे बाजारात आले, आणि दोघांचे स्वभाव अगदी उलटे.

पहिला लायका, १९२५ साली. ऑस्कर बर्नाक नावाच्या इंजिनियरने सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला. खिशात मावणारा, चटकन डोळ्याला लागणारा, चटकन खाली येणारा. आँरी कार्तिए-ब्रेसाँने तो हातात घेतला आणि त्याचे चकचकीत भाग काळ्या चिकटपट्टीने झाकून टाकले. कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. त्याच्या फोटोंबद्दल मी काय बोलणार? पण रस्त्यावर फोटो काढणाऱ्याने दिसता कामा नये, ही जी एक समजूत पक्की झाली, तिच्यात त्या चिकटपट्टीचा वाटा मोठा आहे.

ही समजूत टोकाला नेली वॉकर इव्हान्सने. १९३८ ते १९४१ या काळात तो न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या आत कॅमेरा लपवून बसायचा. लेन्स दोन बटणांच्या मधून बाहेर, शटरची केबल बाहीतून हातात. समोरच्या बाकावरची माणसं आपल्याच तंद्रीत. थकलेली, शून्यात बघणारी. मुंबईच्या लोकलमध्ये रात्री साडेनऊला दिसतात ना, अगदी तसेच चेहरे. फोटो अस्सल आहेत याबद्दल वादच नाही. पण त्यांचं पुस्तक यायला १९६६ साल उजाडलं. काढल्यावर पंचवीस वर्षांनी! चोरून काढलेला फोटो हातात असतो, तो जगाला दाखवायचं मात्र अवघड जातं. त्या फोटोंमधल्या एकाही माणसाने इव्हान्सला "हे काय आहे हो?" असं विचारलं नाही. विचारण्यासारखं काही त्यांना दिसलंच नव्हतं.

आणि दुसरा कॅमेरा म्हणजे १९२९ चा रोलायफ्लेक्स. ब्राउनश्वाइग गावच्या फ्रांके आणि हायडेके या कंपनीचा. माझी याशिका याच्याच पठडीतली, जरा स्वस्तातली धाकटी बहीण म्हणा. रचना साधी आहे. वरच्या भिंगातून येणारा प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो आणि वर दुधी काचेवर चित्र उमटतं. ते आपण बघायचं. खालच्या भिंगातून फोटो निघतो. म्हणून दोन डोळे. चित्र सुलट दिसतं, पण डावं-उजवं उलटं. डावीकडून उजवीकडे चाललेली सायकल आत उजवीकडून डावीकडे जाते.

आता या रचनेमुळे फोटो काढताना काय काय होतं बघा. एक, फोटो काढणाऱ्याचा चेहरा उघडा राहतो. डोळ्याला लावायच्या कॅमेऱ्यात माणसाचं तोंडच कॅमेऱ्यामागे जातं, समोरच्याला दिसतं ते एक भिंग. दुसरं, मान खाली जाते. देवळात जाते तशी. रोखून बघणं आणि वाकून बघणं यात समोरच्याला लगेच फरक कळतो. तिसरं, कॅमेरा पोटाच्या उंचीवर असल्यामुळे माणसाकडे जरा खालून बघितलं जातं आणि तो फोटोत थोडा उंच, थोडा भारदस्त येतो. आणि चौथं, फोकस लावायला वेळ लागतो. या वेळात समोरच्याला "नको" म्हणता येतं, केस सारखे करता येतात, निघून जाता येतं. यातलं काहीही त्या जर्मन कंपनीने मुद्दाम ठेवलेलं नव्हतं, तो सगळा रचनेचा परिणाम. पण आपल्या धंद्यात आपल्याला चांगलं माहीत आहे, की युजरच्या सवयी डिझाइनच्या अशाच परिणामांतून घडतात.

रोलायफ्लेक्स म्हटलं की आपल्याकडे एकच नाव आधी आठवतं. होमाई व्यारावाला. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ साली नवसारीत जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. १९४२ साली त्या ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीसाठी दिल्लीला गेल्या, आणि पुढची तीसेक वर्षं देशात जे जे घडलं त्यातलं बरंच काही त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलं. माउंटबॅटन, नेहरू, गांधीजींची अंत्ययात्रा, १९५६ साली नथू लातून भारतात येणारे दलाई लामा. 'डालडा १३' हे त्यांचं टोपणनाव आलं गाडीच्या डीएलडी १३ या नंबरवरून.

नेसूची साडी, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, आणि भोवती सगळे पुरुष. त्यांनी मुलाखतींत सांगितलंय, की साडीतली बाई कॅमेरा घेऊन फिरतेय हे लोकांना फारच विचित्र वाटायचं, आणि आधी तर ही उगीच कॅमेऱ्याशी खेळतेय असं समजून कोणी गंभीरपणे घ्यायचंच नाही. त्याचा त्यांना फायदाच झाला, जिथे पोचायचं तिथे त्या पोचल्या. कार्तिए-ब्रेसाँला न दिसण्यासाठी चिकटपट्टी लागली, होमाईबाईंना दिसूनही वाट मिळाली. त्यांच्या फोटोंतले मोठे मोठे लोक बेसावध आहेत, पण फसवलेले वाटत नाहीत. बाई समोर उभ्या आहेत हे त्यांना ठाऊक होतं.

आणि १९७० साली त्यांनी काम थांबवलं. कारण सांगितलं ते असं, की पूर्वी आम्हा फोटोग्राफरांमध्ये कसं वागायचं याचे काही नियम होते, कपड्यांचंसुद्धा भान असायचं, नव्या मंडळींना त्याचं काही राहिलं नाही. कॅमेरे दिवसेंदिवस चांगले होत होते त्या काळात ही बाई माणसांच्या वागण्याला कंटाळून घरी बसली. शेवटची वर्षं बडोद्यात काढली. २०११ साली पद्मविभूषण मिळालं आणि १५ जानेवारी २०१२ रोजी त्या गेल्या.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे रोलायफ्लेक्स गळ्यात घातला की माणूस सज्जन होतो का? अजिबात नाही. १९६२ च्या आसपास डायेन आर्बसने छोटा कॅमेरा ठेवून हाच चौकोनी फोटोंचा कॅमेरा उचलला. ती लोकांशी तासन्‌तास बोलायची. त्याच वर्षी तिने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये खेळण्यातला हातबॉम्ब घेतलेल्या एका मुलाचा फोटो काढला. तो मुलगा वेडावाकडा चेहरा करून उभा आहे, बघून भीती वाटते. पण त्या रोलची अख्खी पट्टी आज उपलब्ध आहे. बाकीच्या फोटोंत तो साधा, हसरा पोरगा आहे. निवड तिने केली. गप्पा मारल्या म्हणजे न्याय झालाच असं नाही.

आणि व्हिव्हियन मायर तर सगळ्याच नियमांना अपवाद. न्यूयॉर्कमध्ये आणि नंतर शिकागोत लोकांची मुलं सांभाळणारी ही बाई १९५२ पासून रोलायफ्लेक्स घेऊन रस्त्यांवर फिरली. एक लाखाहून जास्त निगेटिव्ह. त्यातले कितीतरी रोल तर धुतलेलेही नव्हते. २००७ साली भाडं थकलेल्या गोदामातलं तिचं सामान लिलावात गेलं तेव्हा ते बाहेर आले, आणि २००९ च्या एप्रिलमध्ये जग तिला ओळखायच्या आत ती वारली. तिच्या बऱ्याच फोटोंतल्या लोकांना आपला फोटो निघाल्याचं कळलेलं दिसत नाही, कारण खाली मान घालून उभी असलेली बाई आपल्याकडे बघतेय असं वाटत नाही ना. तीच मान, तोच कॅमेरा, आणि उपयोग लपण्यासाठी. पण दुकानांच्या काचांत आणि आरशांत तिने स्वतःचे जे फोटो काढले, त्यात छातीशी धरलेला तो दोन डोळ्यांचा डबा कायम आहे. तिच्याशी थांबून कोणी "हा काय कॅमेरा आहे?" असं बोललं असेल का, हा प्रश्न मला ते फोटो बघताना दर वेळी पडतो.

तेव्हा कॅमेरा फक्त दार उघडतो. आत कसं जायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

हे मला पटलं त्याला एक कारण आहे. एकदा स्वारगेटजवळ मी असाच मान खाली घालून उभा होतो. फुटपाथवर भाजी घेऊन बसलेल्या एका मावशींनी हाक मारली. "ओ दादा, मोजणी आहे का?" मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. तो डबा, त्यात वाकून बघणं... त्यांना वाटलं रस्तारुंदीचा सर्व्हे चाललाय. आणि सर्व्हे म्हणजे आठ दिवसांनी अतिक्रमणवाल्यांची गाडी येणार, पाट्या उचलून नेणार. म्हटलं, "नाही मावशी, हौस म्हणून फोटो काढतो." "कशाचे?" "असेच, रस्त्याचे." "मंग आधी सांगायचं ना!" मग त्यांनी स्वतःच वाकून धुराड्यात बघितलं. समोरची रिक्षा भलत्याच दिशेला जाताना दिसली तशा हसायला लागल्या. फोटो काढू का विचारलं तर म्हणाल्या, "माझा नको. भाजीचा काढ." मी भाजीचा काढला.

माझ्यासाठी तो शनिवारचा टाइमपास होता. त्यांच्यासाठी तो रोजगाराचा प्रश्न होता. माझ्या हातात मोबाइल असता तर मी फोटो काढून पुढे गेलो असतो, आणि त्या आठवडाभर धसका घेऊन बसल्या असत्या, किंवा त्यांना काही कळलंच नसतं. डबा विचित्र होता म्हणून त्यांना विचारता आलं. विचारलं म्हणून "नको" म्हणता आलं.

दाखवण्याच्या रस्त्यावरचे आणखी दोन कॅमेरे सांगतो, कारण ते बोलण्याच्या पुढे जाऊन देण्यापर्यंत गेले. पहिला आपल्याकडचा 'मिनिट कॅमेरा'. जयपूरला हवामहालासमोर लाकडी पेटी तिकाटण्यावर ठेवून बसणारे फोटोग्राफर अनेकांनी बघितले असतील. त्या पेटीतच अंधारखोली असते. आत हात घालून, कागदावर फोटो घेऊन तिथेच तो धुतात. हा झाला निगेटिव्ह. मग तो पुढे फळीवर लावून त्याचाच फोटो काढतात, म्हणजे उलट्याचं उलटं होऊन सुलटं चित्र हातात. अफगाणिस्तानातही अशाच पेट्यांवर कित्येक वर्षं लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो निघत होते. १९९६ ते २००१ या तालिबानी राजवटीत सजीवांच्या चित्रांवर बंदी आली तेव्हा या धंद्यावर गदा आली. इतकी मोठी पेटी रस्त्यात लपवणार कशी?

दुसरा पोलरॉइड. १९४३ साली एडविन लँड यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, की आत्ता काढलेला फोटो आत्ताच का दिसत नाही? २६ नोव्हेंबर १९४८ रोजी बोस्टनच्या एका दुकानात पहिला पोलरॉइड विकला गेला. १९७२ साली एसएक्स-७० आला, बटण दाबलं की फोटो बाहेर येऊन डोळ्यांदेखत उमटायचा. रस्त्यात फोटो काढून तो त्याच माणसाच्या हातात ठेवता येतो हे यातलं खरं नवल. डिजिटलच्या लाटेत कंपनीने २००८ साली ही फिल्म बंद केली. पण नेदरलँड्समधल्या शेवटच्या कारखान्याची यंत्रं काही वेड्या लोकांनी वाचवली आणि २०१० पासून फिल्म पुन्हा यायला लागली. घाई असलेल्यांचा कॅमेरा म्हणून जन्मलेली गोष्ट आता लोक गप्पांसाठी विकत घेतात.

दुसरीकडे लपवण्याचा रस्ता मात्र थांबलेला नाही. २००० सालच्या नोव्हेंबरात जपानमध्ये शार्पचा कॅमेऱ्याचा फोन आला आणि कॅमेरा दुसऱ्याच वस्तूच्या पोटात शिरला. फोन हातात धरलेला माणूस मेसेज वाचतोय की आपला फोटो काढतोय, हे समोरच्याला कळेना. म्हणून जपानमध्ये आणि दक्षिण कोरियात बहुतेक फोनांना फोटो काढताना बंद न करता येणारा आवाज ठेवला गेला. शटर नसताना शटरचा आवाज! मग कॅमेरा चष्म्यात शिरला. गूगल ग्लास २०१३ साली आला, लोक इतके बिथरले की हॉटेलांनी पाट्या लावल्या, आणि जानेवारी २०१५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबली. २०२१ साली रे-बॅनच्या नेहमीच्या फ्रेममध्ये कॅमेरा बसवून तोच प्रयोग परत झाला. या वेळी चालू असताना लागणारा एक छोटा दिवा ठेवला होता. स्टर्नची वास्कटातली डबी आणि हा चष्मा यांच्यात १३५ वर्षं गेली, कल्पना तीच.

तो खोटा आवाज आणि तो दिवा, दोन्ही मला तिकाटण्याची आणि काळ्या कापडाची उरलीसुरली खूण वाटतात. पण आवाज आणि दिवा फक्त सूचना देतात. सूचना मिळालेला माणूस सावध होतो, बोलायला येत नाही. बोलायला यायचं तर त्याला आपल्याकडे विचारण्यासारखं काहीतरी दिसावं लागतं, आणि उत्तर द्यायला आपल्याला वेळ असावा लागतो.

सगळ्यांनी दोन डोळ्यांचे डबे विकत घ्यावेत असं मी अर्थातच म्हणत नाही (शिवाय रोलचे भाव बघून तुम्हीच नको म्हणाल). पण रस्त्यात कोणाचा फोटो काढावासा वाटला तर फोन जरा वर, दिसेल असा धरावा, चेहरा उघडा ठेवावा, आणि क्लिक करायच्या आधी दोन सेकंद थांबावं. कोणी काही विचारलं, तर फोटो बाजूला ठेवून आधी उत्तर द्यावं. आणि तुमच्या रस्त्यात एखादा मान खाली घालून पोटाशी डबा धरून उभा दिसला, तर बिनधास्त विचारा. आम्हाला आवडतं. रोलमध्ये बाराच फोटो असतात, त्यामुळे आम्हाला तशीही घाई नसते.

तूर्तास इतकंच.